बेळगावात बसून बाळांच्या कपड्यांचा ब्रँड काढताय? आधी एक झबलं नीट जमवा

गेल्या वर्षभरात मला पंधरा-वीस जणींचे तरी फोन आले असतील, "ताई, मला पण बेबी वेअर सुरू करायचंय, कुठनं सुरुवात करू?" कोण खानापूरची, कोण निपाणीची, एक तर अथणीहून बसनं आली होती भेटायला. प्रत्येकीला तेच तेच तासभर सांगून झालं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढूया.

मी बेळगावच्या अनगोळात राहते. सात वर्षांपूर्वी बहिणीच्या बाळाच्या बारशाला चार झबली-टोपडी शिवली, ती बघून मावशीनं मागितली, मावशीच्या शेजारणीनं मागितली, आणि असं करत करत आज घरच्या मागच्या खोलीत चार मशीन आहेत आणि बेळगाव, कोल्हापूर, गोवा मिळून बऱ्यापैकी दुकानांत माल जातोय. पहिल्या दोन वर्षांत जे पैसे बुडाले ते जवळजवळ सगळे एकाच कारणानं बुडाले, मी कपड्याच्या आधी ब्रँडच्या मागे लागले होते. लोगो, डबा, रिबन, इन्स्टाचं पेज सगळं तयार आणि झबलं मात्र दोन धुण्यांत आखडून पोटावर यायचं.

या धंद्यात एक गोष्ट वेगळी आहे बघा. पैसे देते आजी किंवा आत्या, कपडा घालते आई, आणि अंगावर असतं ते बाळाच्या, ज्याला टोचतंय म्हणून सांगता येत नाही. ते रडतं आणि घरचे म्हणतात पोट दुखत असेल. त्यामुळे सांगायचं काम आपलं आहे, शिवायच्या आधी.

१) काय विकणार ते ठरवा, आणि अर्धी यादी खोडून टाका

शून्य ते बारा वर्षं, मुलगा-मुलगी, पार्टीवेअर, नाइटवेअर, स्वेटर, सगळंच करू असं प्रत्येकीला वाटतं. मोठ्या कंपन्या ते करतात कारण त्यांच्याकडे गोडाऊन आहे. अमेरिकेतली कार्टर्स १८६५ पासून आहे, आपल्याकडची जिनी अँड जॉनी १९८० ची, पुण्याची फर्स्टक्राय २०१० मध्ये निघाली आणि आज तिचा स्वतःचा बेबीहग ब्रँड आहे. यांच्याशी रंगात, साइझमध्ये, भावात आपण टक्कर देऊ शकत नाही आणि द्यायची पण नाही.

हिशोब करा की. एक डिझाइन, सहा साइझ, चार रंग म्हणजे चोवीस प्रकारचे पीस. प्रत्येकाचे दहा शिवले तरी २४० पीस पडून, आणि त्यातले गुलाबी तीन महिन्यांचे संपतात आणि पिवळे एक वर्षाचे दोन वर्षं कपाटात राहतात. मी नवीन मुलींना सांगते, पहिलं वर्ष फक्त शून्य ते बारा महिने, तीनच वस्तू, दोन रंग.

आणि त्या तीन वस्तू आपल्या इथल्या घ्या. बाळंतविड्याला लागणारं झबलं-टोपडं, कुंची, दुपटं, लंगोट हे मोठ्या कंपन्यांत धड मिळत नाही, मिळालं तरी कुंचीला आतून अस्तर नसतं. इथल्या कानडी घरांत पण कुंचिगी-कुलावी, म्हणजे आपली कुंची-टोपडी, लागतेच, म्हणजे एकच वस्तू दोन्ही भाषांच्या आज्यांना विकता येते. संक्रांतीला बोरनहाणासाठी काळं झबलं, त्याची मागणी डिसेंबरच्या शेवटी एकदम येते आणि जानेवारीच्या पंधरा तारखेनंतर एक पण जात नाही, त्यामुळे त्याचं कापड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच घेऊन ठेवायचं. वर्षाच्या वरच्या मुलींना खणाचं परकर-पोलकं चांगलं जातं, गुळेदगुड्ड आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातच आहे, पण ते दुसऱ्या वर्षी करा. खणाची आतली बाजू टोचते, मलमलचं अस्तर लावल्याशिवाय मुलीला घालू नका.

२) कापड: इथे वेळ घालवा, इथेच सगळं ठरतं

दोन प्रकार लक्षात ठेवा. एक विणीचं म्हणजे होजिअरी, ताणलं की ताणतं. त्यात सिंगल जर्सी पातळ असतं, उन्हाळ्याला बरं, पण कापलं की कडा गुंडाळते आणि नवीन शिवणारीला त्रास होतो. इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखं, जरा जाड, मऊ, तान्ह्या बाळाला सगळ्यात चांगलं. रिब म्हणजे उभ्या रेघांचं, जास्त ताणणारं, ते मान आणि मनगटाच्या पट्टीला. दुसरं मागावरचं, म्हणजे मलमल, मऊ कॉटन, फ्लॅनेल. बंदाचं झबलं, कुंची आणि दुपट्याला हे लागतं.

होजिअरीचं माहेरघर म्हणजे तामिळनाडूतलं तिरुपूर. पहिल्यांदा तिथे जायची गरज नाही, फोनवर सँपल मागवता येतं, पण पूर्ण तागा घ्यायच्या आधी सँपल आलंच पाहिजे. मागावरचं साधं सुती कापड इचलकरंजीला मिळतं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आपल्या शहापूर-वडगावातल्या मागांवर मुख्यतः साड्या होतात, झबल्याचं कापड तिथे शोधत फिरू नका, मी फिरले आहे.

होजिअरी किलोवर मिळते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. तान्ह्या बाळाच्या झबल्याला १५० ते १८० च्या मधलं घ्या. खालचं घेतलं तर धुतल्यावर चुरगळून दोरी होते, वरचं घेतलं तर बेळगावच्या पावसाळ्यात तीन-तीन दिवस वाळत नाही. हे दुसरं कारण बाहेरच्या सप्लायरला कळत नाही, तुम्हाला कळलं पाहिजे. जुलैमध्ये आपल्याकडे बाळाचे कपडे चुलीच्या उबेवर, नाहीतर इस्त्री फिरवून वाळवतात, आणि जाड कपडा आतून ओला राहिला की वास येतो.

तागा घ्यायच्या आधी या चार टेस्ट घरी करा, खर्च काही नाही:

- ५० सेंटीमीटर बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन कापा, नेहमीसारखा तीन वेळा धुवा, वाळवा, मोजा. ४७ राहिला म्हणजे ६ टक्के आटला. मग तुमचं २६ सेंटीमीटरचं झबलं साडेचोवीसचं होणार. एकतर आधीच धुतलेलं, आटवून घेतलेलं कापड मागा किंवा तेवढं माप वाढवून कापा.
- पांढरा ओला रुमाल कापडावर जोरात वीस वेळा घासा. रंग लागला तर ते कापड बाळाला नको, बाळ बाही चोखतं. काळ्या कापडाला ही टेस्ट करायचीच, संक्रांतीचं काळं कापड रंग फार सोडतं.
- कापड गालावर, ओठांवर फिरवा. बोटांना मऊ वाटतं ते ओठांना टोचू शकतं.
- धाग्याचा एक तुकडा जाळून बघा. सुताची राख हलकी, बोटानं मोडणारी, वास कागद जळल्यासारखा. कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे, दुकानदार काही का म्हणेना.

"ऑर्गॅनिक" या शब्दाबद्दल सावध राहा. गॉट्स नावाचं सर्टिफिकेट असतं, त्यात कपड्यावर "ऑर्गॅनिक" लिहायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो आणि शेतापासून शिलाईपर्यंत प्रत्येक टप्प्याची तपासणी लागते. सूत सर्टिफाइड होतं म्हणून तुमचं झबलं सर्टिफाइड होत नाही. दुसरं ओइको-टेक्स स्टँडर्ड १००, त्यात तयार मालात घातक रसायनं आहेत का ते तपासतात, आणि तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वस्तूंसाठी पहिला वर्ग, म्हणजे सगळ्यात कडक. सप्लायरकडे कागद असेल तर मागून घ्या आणि त्यावरचा नंबर ऑनलाइन तपासा. कागद नसेल तर लेबलवर फक्त "१०० टक्के कॉटन" लिहा, खरं असेल तर तेवढं पुरतं.

३) माप: महिन्यावर जाऊ नका, सेंटीमीटर धरा

"तीन ते सहा महिने" हे माप म्हणजे अंदाज. आपल्याकडे अडीच किलोचं बाळ पण जन्मतं आणि साडेतीनचं पण. युरोपातल्या कंपन्या बाळाच्या उंचीवर माप देतात, ५०, ५६, ६२, ६८, ७४, ८०, ८६ असं, आणि मला ते सगळ्यात सोपं वाटलं. नवजात बाळ साधारण ५० सेंटीमीटर, एक वर्षाचं ७५ च्या आसपास, दोन वर्षांचं ८६-८७. पहिल्या वर्षासाठी ५६, ६२, ६८, ७४ एवढी चार मापं ठेवली तरी चालतं. ५० चं माप मी बंद केलं, ते आठ-पंधरा दिवस पुरतं आणि आज्या म्हणतातच "मोठंच दे गं, वाढतं अंग आहे".

सगळ्यात जास्त चुका गळ्यात होतात. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, जन्मतः घेर ३४-३५ सेंटीमीटर, वर्षाचं झालं की ४५-४६. मोठ्यांच्या टीशर्टचा पॅटर्न बारीक करून शिवला की गळा डोक्यातून जातच नाही, आई ओढते, बाळ किंचाळतं, आणि तुमचा कपडा परत कधी अंगावर चढत नाही. गळा ताणल्यावर डोक्याच्या घेरापेक्षा मोठा व्हायला हवा. तान्ह्यासाठी पुढून उघडणारं बंदाचं झबलं, नाहीतर खांद्यावर एकावर एक पट्टी येणारा गळा घ्या. तो गळा खांद्यावरून खाली पण उतरतो, म्हणजे शीनं भरलेला कपडा डोक्यावरून काढावा लागत नाही. हे मला एका बाळंतिणीनं सांगितलं.

बुडाकडे लंगोट किंवा डायपरची जागा सोडा. सॅम्पल कपडा टेबलावर छान दिसतो, डायपर घातलेल्या बाळावर टिच बटणं लागत नाहीत.

पॅटर्न स्वतःला येत नसेल तर पॅटर्न मास्टरकडून एका मापाचा करून घ्या, चार खऱ्या बाळांना घालून बघा, दुरुस्त करा, मग बाकीच्या मापांचं ग्रेडिंग, म्हणजे त्यावरूनच लहान-मोठी मापं काढायला, सांगा. आधीच सगळी मापं करून घेतली तर चूक चारपट होते आणि पैसे पण चारपट जातात.

४) बाळाला इजा होईल असं काही ठेवू नका

हा भाग कृपा करून दोनदा वाचा.

गळ्याशी आणि टोपडीला लांब नाडी नको. पाळण्याच्या कडीत, दारात अडकून गळा आवळू शकतो. युरोपात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना डोक्या-गळ्याशी नाडी लावायला मनाई आहे. टोपडीला हनुवटीखाली बंद लागतोच म्हणून आपल्या आज्या म्हणतील, मी तिथे मऊ रिबची पट्टी आणि एक टिच बटण लावते, ओढलं की सुटतं. झबल्याचे बंद कुशीत घ्या, गाठ मारण्यापुरतेच लांब.

शिवलेली बटणं, मोती, टिकल्या, घुंगरू, छोटे बो, तीन वर्षांच्या आतल्या कपड्यांना लावू नका. बाळ दातानं ओढतं आणि गिळतं. टिच बटण लावलं तर त्यामागे कापडाचे दोन थर तरी हवेत, एका थरात ते उपटून हातात येतं. प्रत्येक बटण मी स्वतः ओढून बघते, शंभर पीस असले तरी शंभर. बटणं चांगल्या कंपनीची घ्या, स्वस्तातली आपल्या पावसात गंजतात आणि कपड्यावर तपकिरी डाग पडतो.

आतले सुटे दोरे कापा. हातमोज्यात, पायमोज्यात लांब दोरा राहिला की तो बाळाच्या बोटाला गुंडाळतो, रक्त अडतं, आणि मोजा घातलेला असल्यामुळे दिसत पण नाही. म्हणून मोजे उलटे करून तपासायचे. भरतकाम असेल तर आतून मऊ अस्तर. इलॅस्टिकचा वळ मांडीवर उठतो का ते तासभर घालून बघायचं.

आणि डांबराच्या गोळ्या. आपल्या घरोघरी ट्रंकेत असतात, बाळासाठी जपून ठेवलेल्या कपड्यांत तर हमखास. जी-सिक्स-पीडी नावाचा घटक कमी असलेल्या नवजात बाळाला अशा कपड्यांतल्या वासानं रक्तातल्या लाल पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. आपल्या स्टॉकच्या कपाटात एक पण गोळी ठेवायची नाही, कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो. आणि गिऱ्हाइकाला पण सांगायचं, नवीन कपडा आधी धुवा, मग घाला.

५) शिवून घेणं

लागणारं सामान असं: एक साधं सिंगल नीडल मशीन, कापलेल्या कडा बांधायला एक ओव्हरलॉक, होजिअरी करणार असाल तर ताणणारी सपाट शिलाई घालणारं फ्लॅटलॉक, टिच बटणाचा हातप्रेस, कटिंगला मोठं टेबल आणि चांगली कात्री. सुरुवातीला फ्लॅटलॉक विकत घेऊ नका, ते काम बाहेरून करून घ्या. होजिअरीला बॉलपॉइंट सुई लागते, साधी सुई कापडाला बारीक भोकं पाडते आणि ती धुतल्यावर वाढतात, दोष कापडाला दिला जातो.

मी पीस रेटवर काम देते, पण पहिले पन्नास पीस रोजावर. पीस रेट लावला की हात घाईला येतो आणि नवीन डिझाइनमध्ये घाई चालत नाही. तयार सॅम्पल प्रत्येकीच्या मशीनसमोर टांगलेलं असतं, त्यावर मापं लिहिलेली. कापलेला माल बाहेर दिला तर वहीत पीस मोजून सही घ्या. एकदा दिवाळीच्या आधी एका युनिटला ३०० पीस दिले, परत २६४ आले, आणि माझ्याकडे चिठ्ठी सुद्धा नव्हती.

कार्टूनचं प्रिंट असलेलं होजिअरी कापड बाजारात सहज मिळतं. त्या चित्रांचे हक्क त्या-त्या कंपनीचे असतात, तुमच्या ब्रँडच्या लेबलखाली ते विकलं तर जबाबदारी तुमची. हत्ती, मोर, चांदोबा स्वतः काढून घ्या. तसंच "वनसीज" हा शब्द अमेरिकेत गर्बर कंपनीचा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, परदेशात माल पाठवायचा विचार असेल तर बॉडीसूट म्हणा.

६) कागदपत्रं, आणि बॉर्डरचा घोळ

आधी यादी, ही एका फाइलमध्ये स्कॅन करून ठेवा:

- पॅन आणि आधार, आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला
- फोटो
- जागेचा पुरावा: हेस्कॉमचं (आपली वीज कंपनी) लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती
- जागा भाड्याची असेल तर करार, घरच्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र
- बँक खातं, शक्यतो धंद्याचं वेगळं
- महापालिका किंवा ग्रामपंचायतीचं ट्रेड लायसन्स

लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर आहे असं आपल्याकडे दहातल्या सहा घरांत असेल. तिथेच अर्ज अडकतो, ते आधी नीट करा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद: सरकारी साइटवर आधार-पॅन टाकून अर्ध्या तासात होते आणि पूर्ण फुकट आहे. गुगलवर वर येणाऱ्या खाजगी साइट्स तशाच दिसणाऱ्या असतात आणि हजार-दोन हजार घेतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघा.

जीएसटी: इथे सीमाभागातल्या माणसानं जास्त लक्ष द्यायला पाहिजे. कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तेवढ्यावर निवांत राहतात. पण ही सूट राज्याच्या आत विकणाऱ्याला आहे. दुसऱ्या राज्यातल्या दुकानाला माल पाठवला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आपल्याला शिनोळी म्हणजे शेजार, स्कूटीवरून जाऊन माल देऊन येतो, निपाणीच्या मुलीला कागल म्हणजे बाजूचं गाव, पण कागदावर ते महाराष्ट्र आहे, आंतरराज्य विक्री आहे. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, सावंतवाडी, पणजी, सगळं त्यातच आलं. गिऱ्हाईक स्वतः बेळगावात येऊन काउंटरवरनं रोखीनं घेऊन गेलं तर ती इथलीच विक्री.

म्हणून १ टक्क्याची कंपोझिशन स्कीम, म्हणजे छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठराविक कर भरायची सोपी योजना, पण आपल्याला बसत नाही, त्यात राज्याबाहेर विकायलाच परवानगी नाही. माझं मत विचाराल तर बेळगावकरानं साधी नोंदणी पहिल्या दिवशी करून टाकावी. तिरुपूरच्या कापडावर भरलेला ५ टक्के जीएसटी आपल्या भरायच्या करातून वळता पण करता येतो. नोंदणीला सरकारी फी नाही, रिटर्न भरायला मात्र एखादा अकाउंटंट धरा.

दर: २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, त्यावर १८ टक्के. झबल्या-टोपड्यात १८ चा प्रश्न येत नाही. एचएसएन कोड, म्हणजे बिलावर मालाचा प्रकार सांगणारा नंबर, ८६ सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या बाळांच्या होजिअरी कपड्याला ६१११, मागावरच्या कापडाला ६२०९. त्यापेक्षा मोठ्या मुलांच्या कपड्यांना वेगळे कोड. बिल राज्यात असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा), बाहेर असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा), हे उलटं लागलं की नंतर निस्तरायला फार वेळ जातो.

अजून एक. कापलेला माल प्रिंटिंगला किंवा शिलाईला जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरीवर करून घ्यायला, महाराष्ट्रात इचलकरंजीला पाठवलात तर माल दोन हजारांचा असला तरी ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा ऑनलाइन कागद, लागतं, कारण राज्य ओलांडून जॉबवर्कला किमतीची मर्यादा नाही. नेहमीच्या विक्रीला ती ५० हजारांची आहे. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबल्यावर हे शिकण्यापेक्षा आत्ता वाचलेलं बरं.

दुकान काढलंत तर पाटीवर ६० टक्के कन्नड असावं लागतं, २०२४ पासून कायदाच आहे. पाटी रंगवायच्या आधी माप करून घ्या. पालिकेचे फॉर्म कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या, अंदाजानं सही करू नका.

नावाचा ट्रेडमार्क: कपडे म्हणजे वर्ग २५. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ४५०० रुपये, बाकीच्यांना ९०००. आधी साइटवर फुकट शोधून बघा ते नाव कोणी घेतलंय का. "बाळ", "छकुली", "सोनुली" असल्या नावांना आधीच गर्दी आहे. मंजूर झाला की अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालतो. घाई नाही, पण हजारभर लेबलं छापायच्या आधी शोध तरी घ्याच.

७) लेबल

दुकानात सुटा टांगून विकायच्या कपड्यावर चार गोष्टी हव्यातच: बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन-ईमेल, माप सेंटीमीटरसकट, आणि सर्व करांसहित एमआरपी. पिशवीत बंद करून विकत असाल तर आत काय आहे, किती नग, कुठल्या महिन्यात बनवलं हे पण.

मानेला सॅटिनची पट्टी शिवू नका, तीच सगळ्यात जास्त टोचते. कापडावरच छापून घ्या, बाकीची माहिती कागदी टॅगवर. धुवायची सूचना चित्रांत द्या. आपल्या गिऱ्हाइकांत मराठी, कानडी, कोकणी, उर्दू सगळे आहेत, चित्र सगळ्यांना कळतं.

८) भाव कसा काढायचा

माझ्या इंटरलॉक झबल्याचा हिशोब देते, आकडे तुमच्या भावानं बदला. कापड ४८० रुपये किलो, कटिंगची घट धरून किलोत १२ पीस, म्हणजे ४० रुपये. कटिंग-शिलाई २८. टिच बटण, दोरा, लेबल ९. तपासणी, इस्त्री, पॅकिंग ८. झाले ८५. खराब निघालेले पीस आणि कापड आणायची गाडी ८, लाइट-भाडं-फोन १२. एकूण १०५.

दुकानाला १३५ अधिक जीएसटी, म्हणजे १४१ रुपये ७५ पैसे. एमआरपी २२०. त्यातला कर काढला की दुकानदाराला साधारण ३५ टक्के सुटतात, त्याच्या खाली तो माल पुढे लावत नाही. मला ३० रुपये राहतात असं दिसतं, पण त्यातच न विकलेली मापं आणि बुडालेली उधारी बसवायची. स्वतःचे कष्ट हिशोबात धरायचे नाहीत ही आपल्या बायकांची सवय, मी पण दोन वर्षं धरले नव्हते. तुमची शिलाई सुद्धा २८ मध्ये मोजा, नाहीतर उद्या बाई ठेवली की धंदा तोट्यात.

९) विकायचं कुठे

सगळ्यात आधी ओळखीतल्या बारशांना. एक बारसं म्हणजे तीस-चाळीस बायका, आणि त्यातल्या दोघी-तिघींच्या घरी पाळणा हलणार असतोच. पूर्ण बाळंतविडा एका सुती पिशवीत बांधून द्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, ती पाळण्याजवळ राहते आणि बाळाच्या तोंडावर येऊ शकते.

मग दुकानं. खडेबाजार, गणपत गल्ली, टिळकवाडी, सोमवारी सकाळी जा, शनिवारी कोणी बोलत नाही. दुकानदार म्हणेल "ठेवून जा, विकलं की देतो". पहिल्यांदा बारा पीस ठेवा, जास्त नाही, आणि चलनावर सही घ्या. उधारीबद्दल एक माहिती असू द्या: उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. बिलावर उद्यम नंबर छापा. दुकानदाराशी भांडायला जायची गरज नाही, त्याचा सीए त्याला सांगतो.

ऑनलाइन मार्केटप्लेसवर कमिशन, शिपिंग, परत आलेला माल धरून बघा. २२० च्या झबल्यात ते बसत नाही, पाच-सहाचा सेट केला तर बसतं. प्लॅटफॉर्म तुमच्या विक्रीतून अर्धा टक्का जीएसटीचा टीसीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापतो, तो परत तुमच्या खात्यात दिसतो, अकाउंटंटला आठवण करा. परत येणाऱ्या मालाचं कारण बहुतेक वेळा माप असतं, म्हणून फोटोत झबल्याशेजारी मोजपट्टी ठेवा. माझ्याकडे तेवढ्यानं फरक पडला.

बाळाचे फोटो टाकताना आई-वडिलांना विचारा, लेखी घ्या. आपल्या घरातलं बाळ असलं तरी त्याच्या आईला विचारा.

१०) तीन महिन्यांनी परत जा

हे कोणी करत नाही आणि मला सगळ्यात जास्त याचाच उपयोग झाला. पहिल्या वीस गिऱ्हाइकांना फोन करा आणि म्हणा, वापरलेलं झबलं मला द्या, मी नवीन देते. ती वीस जुनी झबली टेबलावर मांडा. मानेची पट्टी लोंबलीय का, कुशीची शिलाई तुटलीय का, कुठलं बटण निघालंय, लांबी किती आटली, काखेत गोळे आलेत का, सगळं वहीत लिहा. आणि एक झबलं अगदी नवंकोरं परत आलं तर त्या आईला नक्की विचारा की घातलं का नाही. मला एकीनं सांगितलं, बाही घालताना बाळाचा अंगठा शिलाईत अडकायचा. त्या दिवशी मी बाहीच्या आतली शिलाई बदलली, आणि त्यानंतरचा सगळा माल त्याच पद्धतीनं शिवला जातोय.